ऑफिसच्या एक्सचेंजमधून होणारी आयएसडी कॉलची चोरी बिल येण्याआधी कशी पकडायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाळीस एक्स्टेन्शनचं (आतल्या फोनचं) ऑफिस, अस्टरिस्क या टेलिफोन सॉफ्टवेअरवर चालणारी फ्रीपीबीएक्स एक्सचेंज, बाहेर जायला एक पीआरआय (टेलिफोन कंपनीची अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन) आणि एक सिप ट्रंक (इंटरनेटच्या तंत्रावर कॉल नेणारी जोडणी). शेजारच्या जुन्या इमारतीत पॅनासॉनिकचा ईपीएबीएक्स (जुन्या पद्धतीची ऑफिस एक्सचेंज) अजून चालू आहे. शनिवार-रविवारच्या सुट्टीत कुणीतरी बाहेरून सिस्टीममध्ये शिरून परदेशी कॉल केले आणि ते कळलं महिन्याचं बिल आल्यावर. व्हेंडरने सगळे पासवर्ड बदलले आणि काम संपलं असं सांगितलं. पुन्हा असं होऊ लागलं तर वेळेत कळण्यासाठी काय पाहायचं आणि कसं?

पासवर्ड बदलणं आवश्यकच होतं, पण त्याने लक्ष ठेवण्याचं काम होत नाही. इथे वेळ किती महत्त्वाची आहे हे आधी आकड्यात पाहा. एका पीआरआयवर ३० कॉल (म्हणजे ३० चॅनल) एकाच वेळी चालतात. शुक्रवारी रात्री ८ पासून सोमवारी सकाळी ९ पर्यंत ६१ तास होतात. सगळे चॅनल भरले तर १,०९,८०० मिनिटं, आणि निम्मेच भरले तरी ५४,९०० मिनिटं. उदाहरणादाखल मिनिटाला ३० रुपये दर धरला तर साडेसोळा लाखांच्या आसपास रक्कम जाते. हीच चोरी दहा मिनिटांत तोडली आणि एका वेळी दोनच आयएसडी कॉलची मर्यादा असली, तर नुकसान २० मिनिटांचं, म्हणजे ६०० रुपयांचं. त्यामुळे प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारा: हा दहा मिनिटांत कळवतो का, आणि ऑफिसात कुणी नसताना स्वतःहून कॉल तोडतो का? शनिवारी रात्री आलेला ईमेल सोमवारी वाचला जाणार असेल तर तो धरू नका.

चोराला पैसे कसे मिळतात हे समजलं की काय शोधायचं ते आपोआप कळतं. काही देशांतल्या किंवा सॅटेलाइट नेटवर्कच्या नंबरांवर आलेल्या कॉलचं टर्मिनेशन शुल्क (कॉल पोचवल्याबद्दल तिकडच्या कंपनीला मिळणारी रक्कम) जास्त असतं. अशा नंबरांची मालिका चोर एखाद्या दलालामार्फत घेतो आणि तिच्यावर जितकी मिनिटं पडतील त्या प्रमाणात त्याला वाटा मिळतो. पलीकडे माणूस असायची गरज नसते, रेकॉर्डिंग वाजत राहिलं तरी पुरतं. म्हणून हे कॉल लगेच उचलले जातात, लांब चालतात, आणि त्यांचा कालावधी बऱ्याचदा एकसारखा असतो, कारण ते प्रोग्रॅमने लावलेले आणि तोडलेले असतात. माणसांच्या बोलण्यात काही कॉल एंगेज लागतात, काही उचलले जात नाहीत, काही २० सेकंदांत संपतात. सलग पंधरा आयएसडी कॉल लागले आणि पंधराही उचलले गेले, तर हीच खूण पुरेशी आहे.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. बहुतेक जण सीडीआरवर, म्हणजे कॉलच्या नोंदींच्या तक्त्यावर, रिपोर्ट बसवतात आणि निश्चिंत होतात. पण अस्टरिस्कमध्ये सीडीआरची ओळ कॉल संपल्यावर लिहिली जाते. तीन तासांचा कॉल चालू असेल तर ते तीन तास तक्ता कोरा राहतो. चालू कॉल पाहण्यासाठी अस्टरिस्कच्या कन्सोलवर 'कोअर शो चॅनल्स कन्साइस' ही कमांड आहे. ती प्रत्येक चॅनलची एक ओळ देते: चॅनलचं नाव, कॉन्टेक्स्ट (कॉल ज्या नियमगटातून आला त्याचं नाव), डायल केलेला नंबर, स्थिती, कॉलर आयडी आणि सेकंदांत कालावधी. दर मिनिटाला क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीतून) एक छोटी स्क्रिप्ट चालवून हे आउटपुट वाचायचं आणि ट्रंकवरून बाहेर पडलेले आयएसडी कॉल मोजायचे. तुमच्यासाठी हा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा पहारा आहे. सीडीआरचे रिपोर्ट त्यानंतर.

मोजताना दोन ठिकाणी चूक होते. पहिली, आयएसडी म्हणजे '००' ने सुरू होणारा नंबर एवढंच धरणं. तोच नंबर अधिकचं चिन्ह लावून, बाहेरच्या लाइनचा ९ किंवा ० आधी लावून, किंवा थेट देशाच्या कोडने सुरू होऊन येऊ शकतो. ट्रंककडे प्रत्यक्ष काय पाठवलं गेलं त्यावरून नंबर एकाच साच्यात आणा आणि मग नियम लावा. दुसरी चूक, सीडीआरमधल्या 'डेस्टिनेशन' रकान्यावर विसंबणं. कॉल फॉरवर्ड होऊन बाहेर गेला असेल तर त्या रकान्यात अनेकदा आतल्या एक्स्टेन्शनचा नंबर दिसतो. त्यामुळे 'डेस्टिनेशन चॅनल' आणि 'लास्ट डेटा' हे रकाने पाहा. ट्रंकचं नाव तिथे दिसलं की कॉल बाहेर गेला आणि बिल लागलं, मग डेस्टिनेशन काहीही असो.

इशाऱ्याची पातळी दुसऱ्या कंपनीची उचलू नका. मागच्या ९० दिवसांचा सीडीआर काढा (चोरीचे दिवस वगळून) आणि चार गोष्टी लिहा: एकाच वेळी जास्तीत जास्त किती आयएसडी कॉल चालले, एका दिवसातली सर्वाधिक आयएसडी मिनिटं, कोणकोणत्या देशांना कॉल गेले, आणि रात्री ८ ते सकाळी ८ व सुट्टीच्या दिवशी किती गेले. चाळीस एक्स्टेन्शनच्या ऑफिसात साधारणपणे शेवटचा आकडा शून्य किंवा शून्याजवळ निघतो. त्यावरून मी सुरुवातीला अशा पातळ्या सुचवेन. कामाच्या वेळेत एकाच वेळचे आयएसडी कॉल तुमच्या नेहमीच्या कमालपेक्षा एकाने वाढले तर इशारा, तीनने वाढले तर आयएसडी बंद. कामाच्या वेळेबाहेर पहिल्या उचललेल्या कॉलला इशारा, दुसऱ्याला बंद. कोणताही आयएसडी कॉल ३० मिनिटांच्या पुढे गेला तर इशारा. दिवसाची मिनिटं ९० दिवसांतल्या कमाल दिवसाच्या दुप्पट झाली तर बंद. आणि मागच्या १८० दिवसांत कधीच कॉल न गेलेल्या देशाला कॉल लागला तर, वेळ कोणतीही असो, इशारा. दोन आठवडे चालवून पाहा, खोटे इशारे फार येत असतील तर कामाच्या वेळेची पातळी थोडी वर घ्या. रात्रीची घेऊ नका. निर्यातीसाठी रात्री अमेरिकेशी बोलणारा विभाग असेल तर तेवढ्या एक्स्टेन्शनना आणि तेवढ्याच देशाला वेगळी सूट द्या.

अमेरिकेचा उल्लेख आला म्हणून एक सावधगिरी. देशाचा कोड १ फक्त अमेरिका आणि कॅनडाचा नाही. जमैका (१ ८७६), ग्रेनाडा (१ ४७३), डॉमिनिकन रिपब्लिक (१ ८०९), डॉमिनिका (१ ७६७), टर्क्स अँड केकॉस (१ ६४९) अशी कॅरिबियन बेटं त्याच कोडखाली येतात आणि त्यांचे दर वेगळे असतात. '००१ चालू, बाकी बंद' असा नियम लावून दार अर्धं उघडं राहतं. एरिया कोड वेगळे रोखावे लागतात. यादीत असावेतच असे इतर कोड: क्युबा ५३, सोमालिया २५२, सिएरा लिओन २३२, गॅम्बिया २२०, लॅटव्हिया ३७१, लिथुआनिया ३७०, मालदीव ९६०, आणि सॅटेलाइट व आंतरराष्ट्रीय नेटवर्कचे ८७०, ८८१, ८८२, ८८३. तरीही रोखायच्या देशांची यादी ठेवण्यापेक्षा परवानगीच्या देशांची यादी ठेवणं केव्हाही चांगलं. तुमच्या ९० दिवसांच्या सीडीआरमधून पाच-सात देश निघतील. ते चालू ठेवा, बाकी सगळे बंद.

मोठी लूट सुरू होण्याआधी बहुतेक वेळा चाचणी होते. एकच परदेशी नंबर वेगवेगळ्या पद्धतीने लावून पाहिला जातो: ०० लावून, ९०० लावून, ००० लावून, ०११ लावून. तुमच्या ट्रंकला कोणता प्रीफिक्स (नंबराआधीचे आकडे) चालतो हे त्यांना त्यातून कळतं. पण इथे नीट पाहा. सिप पोर्ट ५०६० इंटरनेटवर उघडा असेल तर ९७२ ने सुरू होणाऱ्या नंबरांचे असे प्रयत्न रोज शेकड्याने दिसतात, आणि 'फ्रेंडली स्कॅनर' नावाने येणाऱ्या रजिस्ट्रेशनच्या (एक्स्टेन्शन म्हणून लॉगिन करण्याच्या) धडका त्याहून जास्त. त्या प्रत्येकाला इशारा लावला तर आठवड्यात कुणी इशारे वाचेनासं होईल. फरक कॉन्टेक्स्टमध्ये आहे. प्रयत्न 'फ्रॉम सिप एक्स्टर्नल' मध्ये दिसला तर तो दाराबाहेरचा ठोका आहे, फेल टू बॅन (वारंवार धडकणारे आयपी रोखणारं सॉफ्टवेअर) त्याला पाहून घेईल. तोच प्रयत्न 'फ्रॉम इंटर्नल' मध्ये दिसला तर माणूस आत आलेला आहे, एक पैसा खर्च झालेला नसला तरी. दहा मिनिटांत एकाच एक्स्टेन्शनवरून तीन निरनिराळ्या प्रीफिक्सचे अयशस्वी आयएसडी प्रयत्न झाले तर ते एक्स्टेन्शन बंद करा आणि मग चौकशी करा.

रजिस्ट्रेशनचंही तसंच. चुकीचे पासवर्ड मोजत बसू नका, यशस्वी रजिस्ट्रेशन कुठून झालं ते पाहा. 'पीजेसिप शो कॉन्टॅक्ट्स' मधून प्रत्येक एक्स्टेन्शनचा आयपी मिळतो. दर पाच मिनिटांनी तो वाचून ऑफिसच्या लॅन आणि व्हीपीएनच्या पट्ट्याशी ताडा. बाहेरचा आयपी दिसला, किंवा एकाच एक्स्टेन्शनला दोन ठिकाणांहून कॉन्टॅक्ट दिसले, तर इशारा. घरून काम करणाऱ्यांना सिप थेट इंटरनेटवरून न देता व्हीपीएनवरून दिलं तर हा नियम अगदी स्वच्छ चालतो.

रजिस्ट्रेशन नसतानाही चोरी होऊ शकते, आणि ते तपासणं राहून जातं. वेब पॅनेलमधून किंवा व्हॉइसमेलचा सोपा पिन ओळखून एखाद्या एक्स्टेन्शनचा कॉल फॉरवर्ड परदेशी नंबरवर लावला जातो. मग बाहेरून त्या एक्स्टेन्शनच्या डीआयडीवर (बाहेरून थेट लागणाऱ्या नंबरावर) कॉल केला की तो तुमच्या खर्चाने पुढे जातो, टेबलावरचा फोन वाजतही नाही. त्यासाठी 'डेटाबेस शो सीएफ' ही कमांड रोज चालवा आणि फॉलो-मी (कॉल दुसऱ्या नंबरांकडे नेण्याची सोय) मधले नंबरही काढा. यादीत आयएसडी नंबर असायलाच नको. सीडीआरमध्ये याची खूण म्हणजे आलेला एक कॉल आणि गेलेला एक कॉल, दोन्ही ट्रंकवर, जवळजवळ एकाच सेकंदाला सुरू आणि एकाच सेकंदाला बंद. ट्रंकवरून येऊन ट्रंकवरूनच बाहेर जाणाऱ्या जोड्या शोधणारी एक क्वेरी दर पाच मिनिटांनी चालवली पाहिजे.

जुन्या पॅनासॉनिकमध्ये धोका नेमका इथेच आहे, कारण त्यात डिसा असतं: बाहेरून फोन करून कोड दिला की आतली लाइन मिळते. वापरात नसेल तर काढून टाका. असेल तर डिसा सिक्युरिटी मोड 'नन' वर नाही ना ते पाहा. कॉलच्या नोंदी एसएमडीआर पोर्टमधून निघतात, मॉडेलप्रमाणे सिरियल केबलने किंवा लॅनवर, आणि त्या कुठल्यातरी पीसीवरच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये जातात. तो पीसी रिसेप्शनचा असेल आणि शुक्रवारी संध्याकाळी बंद होत असेल, तर जेव्हा नोंदी हव्यात नेमक्या तेव्हाच त्या नसतात. २४ तास चालणारा छोटा संगणक या एकाच कामाला ठेवा.

घड्याळाचीही एकदा खात्री करा. सर्व्हर यूटीसी वेळेवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असेल तर 'रात्री ८ नंतर' हा नियम प्रत्यक्षात भारतीय वेळेनुसार रात्री दीड वाजता लागू होतो आणि साडेपाच तास पहारा नसतो. क्रॉन, डेटाबेस आणि अस्टरिस्क तिन्हींची वेळ एकच आहे ना ते पाहा, आणि एनटीपी (घड्याळ आपोआप जुळवणारी सोय) चालू ठेवा.

आता तोडण्याची यंत्रणा. डायलप्लॅनमध्ये (कॉल कुठे जायचा ते ठरवणाऱ्या नियमांत) आयएसडीच्या वाटेवर एक तपासणी ठेवा: अस्टरिस्कच्या डेटाबेसमध्ये 'आयएसडी बंद' ही खूण असेल तर कॉल जाऊ नये. स्क्रिप्टने पातळी ओलांडली की ती खूण लावायची. पण एवढ्याने चालू कॉल तुटत नाहीत. ते चालतच राहतात आणि मीटर पडत राहतं, म्हणून त्याच स्क्रिप्टने चालू आयएसडी चॅनलना हँगअप द्यायला हवा. तसंच चोराच्या आयपीला फायरवॉलमध्ये अडवलं तरी 'आधीपासून जोडलेलं चालू द्या' हा नियम यादीत वर असेल तर त्याचा संवाद चालूच राहतो. अडवण्याचा नियम त्याच्या वर घाला. पासवर्ड बदलल्यावरही जुनं रजिस्ट्रेशन मुदत संपेपर्यंत जिवंत राहू शकतं, त्यामुळे ते कॉन्टॅक्ट हाताने काढा.

एकाच वेळच्या कॉलची मर्यादा डायलप्लॅनमध्ये ग्रुप काउंटने (चालू कॉल मोजण्याच्या अस्टरिस्कमधल्या सोयीने) घालता येते. मोजणी एक्स्टेन्शनच्या बाजूने ठेवू नका. कॉल लावून लगेच ट्रान्सफर केला की एक्स्टेन्शनची बाजू मोकळी होते, मोजणी खाली येते, आणि ट्रंकवर दोन्ही कॉल चालूच राहतात. अशा तऱ्हेने दोन कॉलची मर्यादा असलेल्या एका एक्स्टेन्शनवरून वीस कॉल उभे करता येतात. मोजणी ट्रंककडे जाणाऱ्या बाजूवर ठेवा आणि आयएसडीसाठी ट्रान्सफरची सोय काढून टाका. शिवाय प्रत्येक आयएसडी कॉलला १,८०० सेकंदांची कमाल मर्यादा द्या. मग वरचा ३० मिनिटांचा इशारा ही मर्यादा चुकवून गेलेल्या कॉलसाठीच उरतो.

एका प्रकारची चोरी मात्र तुमच्या एक्सचेंजमध्ये दिसणारच नाही. सिप ट्रंकचं युजरनेम-पासवर्ड चोरीला गेलं तर चोर दुसरीकडूनच प्रोव्हायडरशी जोडला जातो आणि तुमचा सीडीआर स्वच्छ राहतो. यासाठी प्रोव्हायडरकडून तीन गोष्टी लेखी मागा: ट्रंक तुमच्या स्थिर आयपीशी बांधून द्यावा, आयएसडीला रोजची रुपयांतली मर्यादा लावावी, आणि रात्री-सुट्टीलाही उचलला जाणारा तांत्रिक विभागाचा फोन नंबर द्यावा. दर महिन्याला बिलातले आयएसडी कॉल सीडीआरशी एकेक जुळवा. सेकंदांचा फरक पल्समुळे (बिल मोजण्याच्या ठरावीक सेकंदांच्या एककामुळे) येतो, तो सोडून द्या. बिलात आहे आणि सीडीआरमध्ये नाही असा एकही कॉल निघाला तर तो गंभीर आहे: एकतर ट्रंकचा पासवर्ड गेला आहे किंवा कुणीतरी नोंदी पुसल्या आहेत.

नोंदी पुसल्या जाण्याची शक्यता खरी आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीने उघड केलेल्या 'इंजेक्टर थ्री' प्रकरणात फ्रीपीबीएक्सच्या २०१९ मधल्या एका त्रुटीतून हल्लेखोर थेट अ‍ॅडमिन म्हणून आत गेले होते. वर्षभरात जगातल्या सुमारे १,२०० संस्था लक्ष्य झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रीपीबीएक्सच्याच एंडपॉइंट मॉड्यूलमधल्या त्रुटीतून १५, १६ आणि १७ या आवृत्त्यांवर पुन्हा तेच झालं. त्या वेळी तपासायला सांगितलेल्या खुणांमध्ये सीडीआरमध्ये ९९९८ या एक्स्टेन्शनला गेलेले कॉल आणि युजरच्या तक्त्यात अनोळखी 'एएमपी युजर' नोंद या दोन होत्या. तुमच्याकडे या दोन्ही आजच पाहा, आणि त्यांपैकी एक जरी सापडली तरी साफसफाई करत न बसता नव्याने इन्स्टॉल करा. वेब पॅनेल इंटरनेटवरून उघडता कामा नये. सीडीआर आणि सिक्युरिटी लॉगची प्रत त्याच क्षणी दुसऱ्या मशीनवर जायला हवी, जिथे एक्सचेंजचा रूट पासवर्ड चालत नाही.

लॉग किती दिवस ठेवायचे याचं उत्तर भारतात ठरलेलं आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे आणि घुसखोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. म्हणून चोरी पकडली की क्रम असा ठेवा. प्रोव्हायडरला फोन करून आयएसडी बंद करवून घ्या आणि तक्रार क्रमांक, वेळ लिहून ठेवा. चालू चॅनल तोडा. एक्सचेंजची इंटरनेटची केबल काढा, पण मशीन बंद किंवा फॉरमॅट करू नका. लॉगची प्रत घ्या. मग सर्ट-इनला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. बिलाबद्दल बोलणी करताना तक्रार क्रमांकाची वेळ फार उपयोगी पडते, कारण तुम्ही कळवल्यानंतरची मिनिटं कुणाच्या माथी हा वाद तिथेच मिटतो.

इशारा कुणाला आणि कशाने जाणार हेही पक्कं करा. एक्सचेंजमधूनच फोन लावून इशारा द्यायचा ठरवला तर सगळे चॅनल चोराने व्यापलेले असताना तो लागणार नाही. वेगळ्या सिमचा छोटा जीएसएम मोडेम घ्या, त्यातून दोन माणसांच्या मोबाइलवर आधी एसएमएस आणि मग रिंग जाऊ द्या. दोघांपैकी एकाने तरी आयएसडी पुन्हा चालू करण्याची पद्धत शिकलेली असावी, नाहीतर पहिल्या खोट्या इशाऱ्यानंतरच कुणीतरी यंत्रणा काढून टाकेल.

आणि तीन महिन्यांतून एकदा शनिवारी रात्री खरा कॉल लावून चाचणी घ्या. परवानगीच्या देशातला ओळखीचा नंबर लावा, तो उचलू द्या, आणि घड्याळ पाहा: एसएमएस दोन मिनिटांच्या आत यायला हवा. तो कॉल चालू ठेवूनच दुसऱ्या एक्स्टेन्शनवरून दुसरा कॉल लावा. तो उचलला गेल्यानंतर मिनिटाभरात दोन्ही तुटले पाहिजेत आणि तिसरा लागताच कामा नये. मग तोच नंबर आधी ९ लावून, अधिक चिन्हाने आणि एका एक्स्टेन्शनवर कॉल फॉरवर्ड लावून पाहा. यातल्या ज्या वाटेने कॉल गेला आणि एसएमएस आला नाही, त्या वाटेचा नियम दुरुस्त होईपर्यंत आयएसडी बंदच ठेवा.